आगोट ते नारळी : सागरसफरीतल्या थांब्यांचा इतिहास

वळसंगात राहून समुद्रावर लिहितो म्हटले की लोक हसतात. हसणे रास्तच आहे. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे हे आमचे गाव. ज्वारी-तुरीच्या रानांचे, मराठी आणि कानडी दोन्ही कानांवर घेऊन वाढलेले. दक्षिण सोलापूर तालुक्यात पडणारे पाणी सीना-भीमेला मिळते, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे ज्या अरबी समुद्राबद्दल मी लिहिणार आहे, त्याच्याकडे आमच्या ओढ्याचे पाणीसुद्धा तोंड करून वाहत नाही.

तरी हा विषय मला इथेच मिळाला. मे २०१० मध्ये नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. मी तेव्हा हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. वर्तमानपत्रातली ती बातमी कापून शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर लावली. गणिताच्या गुरुजींनी चष्मा वर करून ती शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, “पण हे मध्ये चार ठिकाणी थांबले होते की. मग ती प्रदक्षिणा सलग कशी म्हणायची?”

प्रश्न खवचट नव्हता, गणिती होता. मला उत्तर देता आले नाही. त्याच आठवड्यात एक वही केली आणि वरती लिहिले, ‘थांबे’. लहान नौकेतून लांबची सफर करणारी माणसे कुठे थांबली, का थांबली आणि पुन्हा कशी निघाली, याच्या नोंदी त्या वहीत जमत गेल्या. हा लेख त्या वहीतून आला आहे.

बंद दर्या

आपल्या किनाऱ्यावर शिडाच्या जहाजांचा इतिहास चालण्याइतकाच थांबण्याचा इतिहास आहे. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो आणि तो समुद्राकडून थेट जमिनीकडे येतो. शिडाच्या जहाजाला याहून वाईट स्थिती नाही. किनारा वाऱ्याच्या खालच्या अंगाला असतो. एकदा जहाज ढकलले जाऊ लागले की परत खोल पाण्यात जायला जागा राहत नाही. खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात, त्यांच्यावर लाटा फुटतात आणि ज्या खाडीत आसरा घ्यायचा तिचेच दार बंद होते. म्हणून कोकणात जहाजांचे वर्ष बारा महिन्यांचे नसे. ते नारळी पौर्णिमेला सुरू होई आणि आगोटीला संपे.

आगोट हा शब्द आमच्याकडे देशावर कोणी वापरत नाही. पावसाळा तोंडावर आला की कोकणात घर शाकारायचे, लाकूडफाटा आत घ्यायचा, मीठ, सुकी मासळी, धान्य भरून ठेवायचे, ती सगळी घाई म्हणजे आगोट. त्याच सुमारास होड्या ओढून वर घेतात. पुढे श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करायचा आणि मग होडी पाण्यात लोटायची. या दोन टोकांच्या मधल्या काळाला कोणी अपयश म्हणत नाही. आज यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर पावसाळ्यात सरकारी बंदी असते, मासळीच्या विणीचे कारण तिला जोडलेले आहे. पण दर्या बंद ठेवण्याची रीत त्या कायद्याहून कितीतरी जुनी आहे.

एकदा मुद्दाम आषाढात रेवदंड्याला गेलो. होड्या किनाऱ्यावर, काही झापांखाली, बहुतेक निळ्या ताडपत्रीखाली. एका म्हाताऱ्या तांडेलाला मी शहाण्यासारखे विचारले, “म्हणजे आता दोन महिने आराम?” त्याने हातातले जाळे वर करून दाखवले. “हे कोण तुणेल? तुम्ही?” मग त्याने होडीच्या पोटाखाली नेले. फळ्यांच्या फटींतला जुना कापूस काढून नवा ठासणे चालले होते. ते झाले की लाकडाला तेल पाजायचे. ही कामे होडी पाण्यात असताना होत नाहीत. होडी वर घेतली म्हणूनच ती पुढच्या हंगामाला चालते.

मला हे ओळखीचे वाटले, आणि का ते एस.टी.त बसल्यावर उमगले. सोलापूर जिल्हा पिढ्यानपिढ्या रब्बीचा. आमच्या काळ्या रानात मोठी पेरणी पावसाळ्याच्या तोंडाला नव्हे, पावसाळा सरताना, उत्तरा-हस्ताच्या सुमारास होते. जून ते सप्टेंबर रान मोकळे असते. लहानपणी मला ते पडीक वाटे. वडील म्हणत, “पडीक न्हाई ते, पाळीवर हाय.” पाऊस पडून वाफसा आला की कुळवाची पाळी, तण निघाले की पुन्हा पाळी. तण मरते, वरची माती भुसभुशीत राहते, आत मुरलेली ओल उडून जात नाही. त्या ओलीवर पुढे थंडीत शाळू उभा राहतो. कोकणातली होडी आणि आमचे रान एकाच पावसाने थांबतात आणि थांबलेले असताना दोन्हींवर माणसे राबत असतात.

तेरचे कापड आणि परतीचा वारा

समुद्राचा आणि आमच्या मुलखाचा संबंध अगदीच नवा नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर हे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गाच्या माहितीपुस्तकात त्याचे नाव येते. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, तिथून साधे कापड आणि मलमलीचे प्रकार गाड्यांवर घालून भडोचच्या बंदराला नेतात, असे तो सांगतो. चौल, कल्याण ही आपली बंदरेही त्यात आहेत. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत पॉम्पेईला ज्वालामुखीच्या राखेखाली मिळालेली तशीच मूर्ती यांचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे.

त्या व्यापाराचे वेळापत्रक पाहावे. इजिप्तकडून निघालेली जहाजे उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून बाहेर पडत आणि नैर्ऋत्येचा वारा पाठीवर घेऊन भारताकडे येत. रोमन लेखक प्लिनी सांगतो की ओकेलिस या तांबड्या समुद्राच्या मुखाजवळच्या बंदरातून मुझिरिसला पोचायला चाळीस दिवस लागत. परतायचे मात्र डिसेंबरात, फार तर जानेवारीच्या मध्यापर्यंत, कारण तेव्हा वारा उलटून ईशान्येचा झालेला असे. जाणे चाळीस दिवसांचे आणि इथे थांबणे महिनोनमहिन्यांचे. ती जहाजे मोठी होती, लहान नौका नव्हेत. पण हिशेब तोच. त्या मुक्कामातच मिरी घेतली जाई, कापड मोजले जाई, डोलकाठी तपासली जाई. तेरचे कापड भडोचला पोचायलाही महिनाभर लागे. जहाज थांबले नसते तर ते कापड कोणी नेले असते?

आरमाराची छावणी

थांबण्याचे राज्यशास्त्र आपल्याकडे लिहून ठेवलेले आहे, ते रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या या ग्रंथात आरमाराचे प्रकरण आहे आणि त्यात लढाईबरोबर पावसाळ्यातल्या छावणीचाही विचार आहे. आरमार दर वर्षी नव्या बंदरात छावणीला न्यावे, सगळे एकाच जागी न ठेवता विभागून ठेवावे, रात्री गस्त असावी, अशा सूचना अमात्य करतात.

या सूचना वाचताना मला वाटते की अमात्यांना थांबलेल्या जहाजाची नस सापडली होती. चालणाऱ्या जहाजाला शत्रू समोर दिसतो. थांबलेल्या जहाजाचे शत्रू अनेक : आग, चोर, कुजणे आणि रिकामे बसलेले खलाशी. शेकडो खलाशी एका गावात चार महिने राहिले तर त्या गावाला त्यांचा जाच होणार. मग पुढच्या वर्षी ते ओझे दुसऱ्या गावाने घ्यावे, हे न्यायाचे. थांबणे हे सुटीचे नाही, व्यवस्थेचे काम आहे, ही समज त्या मजकुरात आहे.

हा क्रम मोडला की काय होते, याची एक जखम कोकणाच्या मनात अजून आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बंदराबाहेर काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. ती शिडाची नव्हती, वाफेवर चालणारी होती. आता आपण वाऱ्यावर अवलंबून नाही, या भरवशावर वाफेच्या बोटी आषाढातही चालू लागल्या होत्या. आषाढाला ते माहीत नव्हते.

मुंबईत बांधलेली ‘सुहाइली’

वहीतले पुढचे पान मुंबईतच सुरू होते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज तरुण ब्रिटिश इंडिया कंपनीच्या व्यापारी जहाजांवर अधिकारी होता. १९६३ च्या सुमारास त्याने मुंबईत स्वतःची नौका बांधायला घेतली. आराखडा अमेरिकन, विल्यम अॅटकिन यांचा, लाकूड सागवान, कारागीर इथले, वासला आणि हाताने फिरवायचे सामते घेऊन काम करणारे. लांबी जेमतेम ३२ फूट. १९६४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली तेव्हा शॅम्पेनच्या बाटलीऐवजी नारळ फुटला. नाव ठेवले ‘सुहाइली’, आखाती खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला म्हणतात ते.

डिसेंबर १९६५ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघे तिच्यातून इंग्लंडकडे निघाले. महिना पाहावा, परतीचा जुना वारा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने खाली उतरत ते दक्षिण आफ्रिकेला पोचले आणि तिथे सफर थांबली. वादळामुळे नव्हे, पैसे संपल्यामुळे. तिघांनी तिथे कामधंदा केला, पैसा जमवला आणि मगच नौका पुढे काढली. इंग्लंड गाठायला १९६७ उजाडले.

सफरींच्या पुस्तकांत अशा थांब्याला एखादे वाक्य मिळते. मला मात्र हाच थांबा सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो सर्वसामान्य माणसाचा आहे. नौकेवर जगणाऱ्यांच्या बहुतेक सफरी वाऱ्याने अडत नाहीत. पैशाने, आजाराने, घरच्या बोलावण्याने अडतात. पावसाळ्याच्या थांब्याला नारळी पौर्णिमा असते, म्हणजे निघण्याची तारीख पंचांगात छापलेली असते. पैशाच्या थांब्याला तारीख नसते. जगभरच्या बंदरांत अशा ‘थोड्या दिवसांसाठी’ बांधून ठेवलेल्या आणि तिथेच कुजून गेलेल्या नौका असतात. ‘सुहाइली’ही तशी राहू शकली असती. राहिली नाही, कारण तिघांनी निघण्याचा बेत सोडला नाही.

न थांबण्याचा खेळ

आणि मग त्याच नौकेने इतिहास उलटा फिरवला. तोवर एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा म्हणजे थांबत थांबतच असे. पहिला एकटा प्रदक्षिणा करणारा जोशुआ स्लोकम १८९५ ला बॉस्टनहून ‘स्प्रे’ या सुमारे ३७ फुटी नौकेतून निघाला आणि १८९८ मध्ये परतला. वाटेत तो अनेक बंदरांत राहिला, मुलाखती आणि व्याख्याने दिली. १९६६-६७ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर हे पासष्टीला आलेले गृहस्थ प्लिमथहून निघून सिडनीला एकच थांबा घेऊन परतले. एकूण २७४ दिवस, त्यांतले २२६ समुद्रावर. इंग्लंडच्या राणीने त्यांना सर ही पदवी दिली. तो एक थांबा होता म्हणून त्यांचे काम अर्धे ठरले नाही.

पण आता उरले काय, तर न थांबता करणे. १९६८ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने गोल्डन ग्लोब शर्यत जाहीर केली : एकट्याने, कुठेही न थांबता, कोणाची मदत न घेता. नऊ जण निघाले. १४ जून १९६८ ला फाल्मथहून सुटलेला नॉक्स-जॉन्स्टन ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, मुंबईत बांधलेल्या ‘सुहाइली’तून परतला. पूर्ण करणारा तो एकटाच.

त्या शर्यतीतल्या दोन माणसांनी माझ्या वहीची बरीच पाने अडवली आहेत. एक फ्रेंच बर्नार मोइतेसिए. दक्षिण महासागर ओलांडून, जिंकण्याची शक्यता समोर असताना, त्याने नौका पुन्हा पूर्वेकडे वळवली आणि तो ताहितीपर्यंत चालत राहिला. त्याला थांबणेच नको झाले होते. दुसरा डोनाल्ड क्रोहर्स्ट. त्याची तीन अंगांची नौका दक्षिण महासागराला टिकणार नव्हती. मागे फिरावे तर कर्ज आणि नामुष्की. तो अटलांटिकमध्येच रेंगाळला आणि खोटी ठिकाणे कळवत राहिला. मार्च १९६९ मध्ये नौकेची दुरुस्ती करायला तो अर्जेंटिनातल्या रिओ सालादो या लहानशा जागी गुपचूप किनाऱ्याला लागला. नियमाप्रमाणे त्या क्षणी तो बाद झाला होता, पण त्याने ते कोणाला सांगितले नाही. १० जुलै १९६९ ला त्याची नौका रिकामी तरंगताना सापडली. आतल्या नोंदवह्यांत दुहेरी हिशेब होते आणि ढासळत गेलेले मन होते. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याच्या कुटुंबाला देऊन टाकले.

रेवदंड्याची होडी भर बाजाराच्या वाटेवर, सगळ्यांच्या देखत दुरुस्त होते. क्रोहर्स्टला तीच गोष्ट लपून करावी लागली. नौका नादुरुस्त होण्यात कसली लाज? पण थांबणे हाच गुन्हा ठरवला की दुरुस्तीही चोरी होते. ज्या दिवशी थांबा लपवावा लागतो, त्या दिवशी सफर संपलेली असते, हे मी त्या पानाखाली पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

विंचुर्णी, दिवाडी आणि ‘म्हादेई’

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे. भारतीयाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचा. १९७१ च्या युद्धात ‘कामोर्टा’ या युद्धनौकेचे नेतृत्व करणारे, वीरचक्राचे मानकरी. निवृत्तीनंतर ते राहिले कुठे, तर फलटणजवळच्या विंचुर्णीत. म्हणजे आमच्यासारख्याच कमी पावसाच्या पट्ट्यात. हे समजल्यावर मला वळसंगात बसून समुद्रावर लिहिण्याचा संकोच वाटेनासा झाला.

२००६ मध्ये दोंदे या कामाला पुढे आले. त्याच वर्षी ते इंग्लंडला गेले आणि नव्या शर्यतीची तयारी करणाऱ्या सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली शिकले. मुंबईच्या कारागिरांनी ज्याची नौका बांधली, तोच चाळीस वर्षांनी मराठी खलाशाला शिकवत होता. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात आली. खानापूर तालुक्याच्या डोंगरात उगम पावून गोव्यात मांडवी होणाऱ्या नदीचे नाव तिला दिले.

१९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले. त्या वर्षी नारळी पौर्णिमा ५ ऑगस्टला होती, म्हणजे पुरते दोन आठवडे आधी. ऑस्ट्रेलियातले फ्रिमँटल, न्यूझीलंडमधले लिटलटन, फॉकलंड बेटांतले पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन असे चार थांबे घेऊन १९ मे २०१० ला ते मुंबईच्या पाण्यात परत आले. २२ मे रोजी उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांच्या उपस्थितीत स्वागत झाले. नारळीनंतर निघायचे आणि आगोटीला घरी यायचे! याचे मुख्य कारण आपले पंचांग नव्हे, दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा आहे. केप हॉर्न हे दक्षिण अमेरिकेचे टोक वळायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी हेच त्यातल्या त्यात बरे महिने. चिचेस्टरही २७ ऑगस्टला निघून २८ मेला परतले होते. पण दोन वेगळ्या समुद्रांची गणिते एकाच हंगामावर येऊन मिळतात, आणि कोकणातल्या कोणत्याही नाखव्याने तो हंगाम बरोबर ओळखला असता.

चार थांब्यांत काय होते? नौकेचा तळ आणि शिडे तपासणे, दोऱ्या बदलणे, सुकाणू आणि यंत्रे उघडणे, अन्नपाणी भरणे आणि माणसाने सलग झोप घेणे. एकट्या खलाशाला समुद्रावर रात्रभराची झोप ठाऊक नसते. तरीही एक अट असते : निघालेल्या बंदरात परत यायचे, सगळी रेखावृत्ते आणि विषुववृत्त ओलांडायचे, आणि कालव्यातून आडवाट काढायची नाही. थांबल्याने यातले काहीच माफ होत नाही. जिथे थांबलो तिथूनच पुढे निघायचे असते. एक मैल सुटत नाही.

गुरुजींना मी तेव्हा सांगायला हवे होते ते हे. गणितात रेघ कुठे तुटली की ती दोन रेघा होतात. सफरीत तसे नसते. पेन उचलले आणि नेमके त्याच बिंदूवर टेकले, तर रेघ एकच.

थांब्यावरचा माणूस

दोंदे यांच्या सफरीत बंदराबंदरावर जाऊन नौकेची दुरुस्ती करणारा साथीदार होता नौदल अधिकारी अभिलाष टॉमी. थांबे ज्याने सांभाळले, त्यानेच पुढे न थांबता प्रदक्षिणा केली. १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघून ३१ मार्च २०१३ ला मुंबईलाच परत. नौका तीच, ‘म्हादेई’. तिची धाकटी बहीण ‘तारिणी’ही दिवाडीलाच बांधली गेली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकारी तिच्यातून १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या. ठरलेले चार थांबे झाले, पण शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि मॉरिशसला पाचवा, न ठरलेला थांबा घ्यावा लागला. तो त्यांनी उघडपणे जाहीर केला, दुरुस्ती केली आणि २१ मे २०१८ ला गोवा गाठले. क्रोहर्स्टच्या थांब्यापुढे मी वहीत हा थांबा मुद्दाम लिहिला आहे. पुढे लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघींनी त्याच ‘तारिणी’तून २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ अशी प्रदक्षिणा केली, तीही चार थांब्यांची.

२०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत पन्नास वर्षांनी पुन्हा झाली, जुन्याच साधनांनिशी. टॉमींसाठी दांडेकरांनी ‘सुहाइली’ची प्रतिकृती बांधली, ‘थुरिया’. शर्यतीच्या नियमांत एक गोष्ट मला फार आवडली. एक थांबा घ्यावा लागला तर खलाशी बाद होत नाही, तो चिचेस्टर वर्गात मोजला जातो. क्रोहर्स्ट गेल्यानंतर पन्नास वर्षांनी का होईना, थांबणाऱ्याला उघडपणे थांबायला जागा झाली.

टॉमींना मात्र बंदरही मिळाले नाही. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर, वादळात ‘थुरिया’ उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीचा कणा जायबंदी झाला. तीन दिवस ते हलू न शकता नौकेत पडून होते. २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. नौका तिथेच सोडावी लागली. त्यानंतर सहा आठवड्यांत, ३ नोव्हेंबरला, विंचुर्णीत आवटी गेले. त्यांनी सुरू केलेले काम त्या वर्षी संपल्यासारखेच दिसत होते.

कण्यात धातूच्या सळ्या बसवून घेतलेला, चालायला नव्याने शिकलेला माणूस ४ सप्टेंबर २०२२ ला त्याच शर्यतीच्या रेषेवर पुन्हा उभा राहिला. नौका दुसरी, ‘बायानात’. २९ एप्रिल २०२३ ला ती फ्रान्सच्या किनाऱ्याला लागली, दुसऱ्या क्रमांकाने. नियमाच्या भाषेत या दोन वेगळ्या शर्यती. मी त्या एकाच पानावर, एकाखाली एक लिहिल्या आहेत.

वही

त्या बातमीनेच ही वही पुन्हा उघडली. ती २०१२ नंतर बंद होती. वडील अंथरुणाला खिळले, ते गेल्यावर रान माझ्याकडे आले, आणि शाळा सुटली की कुळव, पेरणी, राखण यांत संध्याकाळ जाई. वही ट्रंकेत, धोतरजोड्यांखाली. मधल्या वर्षांत कोणी विचारले की मी ओशाळून सांगे, “ते राहूनच गेले.” पण वही काढली तेव्हा दिसले की ती अगदीच तशी राहिली नव्हती. मधूनमधून कापलेली कात्रणे, एस.टी.च्या तिकिटामागे लिहिलेला रेवदंड्याचा कापूस, तेरच्या संग्रहालयातल्या नोंदी, सगळे त्याच ट्रंकेत टाकत गेलो होतो. न लिहिण्याच्या वर्षांतही पाळ्या पडत होत्या.

गणिताचे गुरुजी निवृत्त होऊन आता सोलापुरात असतात. हा अंक त्यांच्या घरी दिवाळीत पोचेल. तोवर आमच्या रानात शाळू वर आलेला असेल. या घटकेला मात्र रान मोकळे आहे, परवा पाऊस झाला आणि आज सकाळपासून कुळवाची तिसरी पाळी चालू आहे. रस्त्याने जाणाऱ्या एका पाहुण्याने मघाशी विचारले, “यंदा काही पेरले नाही वाटते?” मी म्हणालो, “हस्ताला पेरणार.”